मागं काहीच नसलेली गाडी

जुन्या व्हिडिओ गेमविषयी माझ्या वयाची माणसं हल्ली गळा दाटून बोलतात. त्याचा मला मनापासून तिटकारा आहे. यंदा आमच्या बदनापूरच्या शाळेत गॅदरिंगला एका सहकारी सरांनी ‘आमचं बालपण’ नावाचा कोपरा मांडला होता. गोट्या, भोवरा, विटीदांडू, आणि मधोमध टीव्हीला जोडलेला तो खोका, वरून कॅसेट खुपसायचा, वायरवाले दोन रिमोट असलेला. चाळिशी ओलांडलेले चार मास्तर त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि लाल गाडी पळवू लागले. एकाच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

“काय दिवस होते राव! सर, या ना, एक डाव होऊन जाऊ द्या.”

“पेपर तपासायचेत,” मी म्हणालो. पेपर नव्हते.

त्या खेळात होतं तरी काय? वरून पाहिलेला एक राखाडी रस्ता. कडेला हिरवा पट्टा, त्यावर झाडांच्या नावाखाली एकच ठिपका पुन्हा पुन्हा. खाली मधोमध तुमची लाल गाडी. ती पुढे जातच नाही, तिच्याखालून रस्ता ओढला जातो. तुम्ही तिला फक्त डावीउजवीकडे ढकलायचं आणि समोरून येणाऱ्या पिवळ्या गाड्या चुकवायच्या. धडकलात तर गाडी फुटते, डबीत भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो, आणि दोन सेकंदांत तीच गाडी नवीकोरी होऊन हजर. कुणाचा पत्रा वाकत नाही, कुणाला कुणाची माफी मागावी लागत नाही. पेट्रोल संपत आलं की एक रंगीत गाडी येते, तिला जाऊन धडकलं की टाकी भरते. दुसऱ्याला धडकून टाकी भरण्याचं हे शास्त्र ज्याने काढलं, त्याने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नसावी. आणि जे जे मागे पडतं ते पडद्याच्या खालच्या कडेला पोचलं की नाहीसं होतं. तिथे काही उरत नाही.

इतक्या भिकार गोष्टीवर मी अकरावीतला एक अख्खा हिवाळा घालवला.

हा खेळ होता उसाच्या कारखान्यासमोर. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की यार्डाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागायची, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, रांग मैल-मैल लांब. आपला नंबर यायला कधी अर्धा दिवस, कधी दोन दिवस. त्या रांगेच्या जिवावर रस्त्याकडेला चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, न्हावी असा एक बाजार उभा राहायचा, आणि त्यातच पत्र्याची एक शेड होती. शेडवाल्याने टीव्ही गेमचे तीन खोके मांडले होते आणि बाहेर पत्र्यावर रंगाने लिहिलं होतं: ‘खेलते खेलते गाडी सीखो’. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती. कॅसेट चालली नाही की तो तिच्यात फुंकर मारायचा, बनियनला घासायचा आणि डॉक्टरच्या रुबाबात म्हणायचा, “धूळ बसल्ती.” वेळ संपली की डाव अर्ध्यावर असताना बटण बंद करायचा. मी त्याला फार मोठा माणूस समजायचो. कारण फळ्यावर खडूने ‘एक नंबर ड्रायव्हर’ असं लिहून त्याखाली त्याने माझं नाव टाकलं होतं.

खरा एक नंबर ड्रायव्हर तिथून शंभर पावलांवर होता, त्याचं नाव कुठल्याच फळ्यावर नव्हतं. ते माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आमच्या घरात शेती नव्हती. आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांची गुरं राखली. त्यांच्यानंतर दादा हे आमच्या सगळ्या भावकीत स्टेअरिंगला हात लावणारे पहिले. तीर्थपुरीच्या एका बागायतदार मालकाचा ट्रॅक्टर ते चालवायचे. दोन भरलेल्या ट्रॉल्या उलट्या, रिव्हर्समध्ये, बोळातून नेणारा ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव होतं. दुसरे ड्रायव्हर अडले की रांगेतून हाक यायची, “त्यांना बोलवा रे, तेच काढतेत.” वस्तीत जयंतीची मिरवणूक निघायची तेव्हा फोटोचा रथ म्हणजे सजवलेली ट्रॉली असायची. लहान लेकरं तीत बसलेली असायची, आणि ती ओढायचा मान दरवर्षी दादांचा. त्या दिवशी ते पांढरा शर्ट घालायचे आणि ट्रॅक्टर इतका सावकाश चालवायचे, की मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलायची नाही.

मालकाची एकच अट होती. स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागला तर दुसऱ्या दिवशी घरी बसायचं.

पण रांगेची एक रीत होती, ती सगळेच पाळायचे. रांग पुढे सरकली की आपला ट्रॅक्टर चार हात पुढे घ्यावा लागतो, नाहीतर मधेच कुणी घुसतं. ड्रायव्हर अंघोळीला, भाकरी खायला किंवा झोपायला गेला की ते काम घरचं पोरगं करायचं. पहिल्या गिअरमध्ये सरळ रेषेत चार हात, की ब्रेक. याला ‘नंबर सरकवणं’ म्हणत. रांगेतल्या गोष्टी रांगेतच राहायच्या, कुणी मालकाला सांगत नसे. कॉलेज सकाळचं असल्यामुळे मी दुपारी डबा घेऊन जायचो आणि दादांचा नंबर सरकवायचो. मधल्या वेळात शेड.

एकदा दादा मला शोधत शेडमध्ये आले. मी शेवटच्या टप्प्यावर होतो, भोवती सात-आठ पोरं होती. दादा माझ्यामागे उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल.

“ही गाडी वळत कशी न्हाई रे?” त्यांनी विचारलं.

“वळून राह्यली की, दादा. बघा ना.”

“ती न्हाई वळत, नुस्ती बाजूला सरकती. खेकडा सरकतो तशी.” मग पडद्याकडे वाकून, “अन् हिच्या मागं काही जोडलेलं न्हाई का?”

“रेसची गाडी हाय दादा, तिला ट्रॉली कशाला?”

“मंग हिला चालवायला काय अक्कल लागती?”

मागे उभे असलेले दोन ड्रायव्हर खो खो हसले. शेडवाला म्हणाला, “चाचा, तुम्ही खेळून पाहा एक डाव. पोरगा तुमच्यापेक्षा हुशार निघाला बरं का.”

दादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. “चल, नंबर जवळ आला,” एवढंच मला म्हणाले. मला मात्र राग आला. वाटलं, अडाणी माणूस, याला काय कळणार. हे वाक्य मनात आलं होतं हे मला स्वच्छ आठवतं. आज ते लिहितानाही किळस येते.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी कॉलेजला सुट्टी होती. दहाच्या सुमाराला ट्रॅक्टर यार्डाच्या तोंडाशी आला. रस्ता सोडून डावीकडे काटकोनात वळायचं, नाल्यावरची एक अरुंद मोरी ओलांडायची, मग फाटक, मग वजनाचा काटा. मोरीला कठडा नव्हता. वळणाच्या अलीकडे अजून तीन ट्रॅक्टर होते. दादा रात्रभर गाडीवर होते, अंगाला उसाच्या पाचटाची बारीक कूस लागून खाजत होतं. समोरच नळ होता.

“अंगावर दोन तांबे घेऊन येतो,” ते म्हणाले. “सरकला तर सरकव. पण वळणाच्या अलीकडं थांब. वळायचं मी बघतो. कळलं का?”

“कळलं.”

तीनही ट्रॅक्टर लगालग आत गेले. वळण माझ्यासमोर आलं. मागच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. शेडच्या दारात पोरं उभी होती आणि त्यातल्या एकाने ओरडून म्हटलं, “घे की, एक नंबर ड्रायव्हर!”

मी घेतलं.

ट्रॅक्टर मोरीवर अगदी बरोबर गेला. पुढची दोन्ही चाकं मधोमध. मला आठवतं, मी पोरांकडे पाहून हसलोही होतो. मी समोर पाहत होतो, फक्त समोर. मागे वळून पाहायचं असतं ही गोष्टच माझ्या डोक्यात नव्हती. ट्रॅक्टर वळला की पहिली ट्रॉली त्याच्या आतून वळते आणि दुसरी पहिलीच्याही आतून. म्हणून दोन ट्रॉल्यांचा ड्रायव्हर वळणाच्या पुढे जाऊन, लांबचा फेर घेऊन वळतो. दादांना हे हजार वेळा करताना मी पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण ते सावकाश आणि कंटाळवाणं वाटायचं. मी शेडमध्ये शिकलो होतो तसं वळलो, पुढचं चुकवलं की संपलं.

पहिली ट्रॉली कशीबशी आली. दुसरीचं आतलं चाक मोरीवरून सुटलं. मोठ्ठा आवाज झाला नाही. ऊस आधी करकरला, मग साखळी तुटल्याचा एक टणत्कार, आणि मग अख्खी ट्रॉली आडवी होऊन नाल्यात कलंडली. उसाच्या मोळ्या पाण्यात, चिखलात. मागचा हॉर्न बंद झाला. शेडच्या दारातली पोरं क्षणात नाहीशी झाली. फक्त शेडवाला आपल्या पत्र्याखाली उभा होता, आणि तोही नंतर आत गेला.

दादा ओल्या अंगाने, लुंगीवर पळत आले. त्यांनी मला मारलं नाही. दंडाला धरून सीटवरून खाली घेतलं, स्वतः वर बसले आणि इंजिन बंद केलं. “कुणाला लागलं का?” त्यांनी पहिल्यांदा हे विचारलं. कुणाला लागलं नव्हतं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “तू घरी जा. तू इथं आल्ताच न्हाई.”

मी गेलो नाही. पंक्चरवाल्याच्या टायरांमागे उभा राहिलो. तासाभराने मालक मोटारसायकलवर आले. ट्रॉलीकडे पाहिलं, मग दादांकडे.

“कसं काय झालं हे? तू वळवताना?”

“डुलकी लागली मालक.”

“सकाळी दहा वाजता?”

“रातच्याला झोप न्हाई झाली. चुकलं.”

मालकाने रांगेतल्या ड्रायव्हरांकडे पाहिलं. सगळ्यांनी मला वळताना पाहिलं होतं. एक वयस्कर ड्रायव्हर पुढे झाला आणि हसत म्हणाला, “मालक, ह्याला सकाळपासून पेंग येऊन राह्यली होती. आम्ही म्हणलं बी, तोंड धू. ऐकतंय कोण! डुलक्या हाय हा.” बाकीचेही हसले. “डुलक्या, उठ रे बाबा, ऊस निवडू.” ते दादांना वाचवत होते. मालक शिव्या देऊन निघून गेले. नोकरी राहिली.

पण थाप टिकवायची तर ती रोज वापरावी लागते. मालक दिसले की ड्रायव्हर मुद्दाम हाक मारायचे, “काय डुलक्या, जागा हाय ना?” दादाही हसून मान हलवायचे. पुढच्या हंगामात नवे ड्रायव्हर आले. त्यांना यामागची गोष्ट माहीत नव्हती, त्यांना फक्त नाव माहीत होतं. त्यांच्या तोंडी ती थट्टा राहिली नाही. कुणाची ट्रॉली अडली तर आता दादांना हाक येईना.

जयंतीच्या आधी मंडळाची पोरं घरी आली. त्यातला एक, मला दोन वर्षं मोठा, फार अदबीने बोलला. “दादा, यंदा तुम्ही रथावर बसा निवांत. ट्रॅक्टर दुसऱ्याला देऊ. राग नका मानू, मागं लहान लेकरं असतेत.”

“बराबर आहे,” दादा म्हणाले. पांढरा शर्ट आईने इस्त्री करून दोरीवर टाकला होता. त्यांनी तो घडी करून पेटीत ठेवला.

मी तेव्हा तिथेच, दाराला टेकून उभा होतो. तोंड उघडलं नाही. सांगितलं तर मालकापर्यंत जाईल, दादांची नोकरी जाईल, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पण मला लाज वाचवायची होती, हे त्याहून खरं होतं.

दादांच्या त्याच नोकरीवर मी शिकलो. जालन्याच्या कॉलेजात, वसतिगृहात राहून पदवी घेतली, आमच्या घरातला पहिला. मला शिकवणाऱ्या, परीक्षेच्या दिवसांत आपल्या घरी जेवू घालणाऱ्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. दादांचे तर फेडण्याजोगेच नाहीत. जालन्यात एका थिएटरच्या बाजूला मोठाल्या गेमचं दुकान होतं. तिथे खरं स्टेअरिंग आणि पायाशी खरं पेडल असलेलं कपाट होतं, त्यात बसून गाडी चालवायची. एकदा मित्रांबरोबर गेलो. नाणं टाकलं नाही तरी ते यंत्र पडद्यावर आपलं आपणच शर्यत दाखवत राहायचं. चांगला मिशीवाला, बायकापोरं असतील असा एक माणूस नाणं न टाकताच त्यात बसला होता आणि जिवाच्या आकांताने स्टेअरिंग फिरवत होता. गाडी आपणच चालवतोय अशी त्याची पक्की खात्री होती. मित्र पोट धरून हसले. मी बाहेर येऊन रस्त्याकडेला बसलो.

मागच्या हिवाळ्यात मालकांचा निरोप आला. तो जुना ट्रॅक्टर त्यांनी अंबडकडच्या एका माणसाला विकला होता. “तू ये अन् तूच चालवत नेऊन पोचव. तुझ्याच हाताखालचा आहे,” असं त्यांनी कळवलं होतं. दादा आता सत्तरीला आलेत, ट्रॅक्टर सोडून दहाएक वर्षं झाली. दोन दिवस घरात ते दुसरं काही बोललेच नाहीत. निघायच्या दिवशी पेटीतून पांढरा शर्ट काढला. तो जुनाच होता की नवा, मी विचारलं नाही.

मी त्यांना मोटारसायकलवर तीर्थपुरीला नेलं. मालक खूप थकलेत, गुडघ्यांमुळे खुर्चीतून उठत नाहीत. ज्याने ट्रॅक्टर घेतला तो माणूस तिथेच बसलेला. समोरच्या मोठ्या टीव्हीवर मालकांचा नातू प्लास्टिकचं स्टेअरिंग मांडीवर घेऊन शर्यतीचा गेम खेळत होता. गाडी बदलली, चित्रं खरी वाटावी इतकी चकचकीत झाली, मूर्खपणा तोच.

मालक कौतुकाने म्हणाले, “बघा, दहा वर्षांचा हाय, कशी चालवून राह्यला. पक्का ड्रायव्हर होणार.” मग दादांकडे बोट करून त्या माणसाला म्हणाले, “अन् हा माझा जुना ड्रायव्हर. सोन्यासारखा. अख्ख्या नोकरीत एकच चूक. भर सकाळी डुलकी लागली गड्याला, ट्रॉली नाल्यात.”

तो माणूस हसला. दादाही नेहमीसारखे हसले. त्या हसण्याने माझ्या आत काहीतरी सरकलं. मला वाटलं, आता कुणाची नोकरी जायची नाही. आता सांगितलंच पाहिजे. शिकलेला माणूस आहे मी, मुलांना खरं बोलायला शिकवतो.

“मालक, ती डुलकी नव्हती,” मी म्हणालो. “ट्रॅक्टर मी चालवत होतो. मी असल्याच गेमवर शिकलो होतो. दादा नळावर होते.”

नातवाच्या गेममधली गाडी तेवढी घोंघावत राहिली. मालक आधी हसले. “आरं, गेममुळं? कोणता गेम व्हता?” मग हसू ओसरलं. ते दादांकडे वळले. “म्हंजी तू मला सांगितलं ते खोटं?”

दादांनी शर्टाची बाही सारखी केली.

“ह्या माणसाच्या भरवशावर मी घर उघडं टाकून जायचो,” मालक कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. मग त्यांनी त्या माणसाला विचारलं, “तुमचा ड्रायव्हर आलाय ना सोबत? त्यालाच नेऊ द्या. हे आता म्हातारे झाले.”

बाहेर त्या माणसाचा ड्रायव्हर ट्रॅक्टरवर चढला. पंचविशीचा, कानात वायर. त्याला तो जुना ट्रॅक्टर सुरू होईना. दादा खाली उभे राहून, हात उंचावून त्याला सांगत होते, “क्लच एकदम नको सोडू. वरूनच धरतो तो. हळू. हां.” ट्रॅक्टर फाटकाबाहेर गेला तेव्हा दादांचा हात अजून तसाच हवेत होता.

परतताना ते वाटेत एकदाच बोलले. “कुणी इचारलं होतं का तुला?”

“दादा, तुमच्यावरचा डाग—”

“आतापर्यंत त्याच्या लेखी मी झोपाळू होतो. आता लबाड झालो. तुला मोकळं व्हायचं होतं. झालास.”

मी गाडी चालवत राहिलो. त्या यंत्रांबद्दल इतकी वर्षं जो तिरस्कार मी पाळला, त्यातला किती माझ्याच वाट्याचा होता, हे मला तेव्हा कळलं. खेळ भिकार होता, हे मी अजूनही म्हणतो. पण त्या दिवशी मालकांच्या बैठकीत कुणी माझ्या हातात रिमोट दिला नव्हता.

घरी आई ओसरीत वाट पाहत बसली होती. दादांचा शर्ट तसाच स्वच्छ होता, एक डाग नाही.

“चालवला का मंग?” तिने विचारलं.

“चालवला की,” दादा चपला काढत म्हणाले. “पार अंबडच्या पुढंपर्यंत. बिलकुल त्रास न्हाई. बराबर चालला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मोटारसायकल आत घेतली आणि म्हणालो, “हो, मस्त चालवला दादांनी.”